चूल, शेगडी, सिलिंडर : स्वयंपाकघरातील इंधनाचा प्रशासकीय इतिहास

राज्यकारभाराचा इतिहास लिहिताना आपण जमीनमहसूल, कालवे, रेल्वे, दुष्काळ-निवारण अशी प्रकरणे पाडतो. चुलीचे प्रकरण कोणी पाडत नाही. वास्तविक जंगल, परकीय चलन, स्त्रियांचे आरोग्य आणि सरकारी अनुदान या चारही गोष्टींवर एकाच वेळी परिणाम करणारा आणि देशातील प्रत्येक घरात दिवसातून निदान दोनदा अमलात येणारा असा दुसरा आर्थिक निर्णय क्वचितच सापडेल. आज स्वयंपाक कशावर करायचा, हा तो निर्णय. गेल्या नव्वद वर्षांत या निर्णयात प्रथम समाजसेवी संस्थांनी आणि नंतर शासनाने वारंवार हस्तक्षेप केला. त्यातील काही प्रयत्न फसले, काही अर्धेमुर्धे साधले. असे का झाले, याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

माझी सध्याची नेमणूक चेन्नईत असून कार्यालय गिंडीला आहे. परप्रांतात नोकरी करणाऱ्या मराठी माणसाला एक लाभ न मागता मिळतो. आपल्या राज्याची आणि त्या राज्याची तुलना त्याच्या मनात सतत चालू राहते. गिंडीच्या एका अंगाला राज्यपालांचे निवासस्थान आणि हरणांचे राखीव वन आहे, दुसऱ्या अंगाला १९५८ साली सुरू झालेली औद्योगिक वसाहत. सकाळी वसाहतीतील कामगार येण्यापूर्वी पदपथावर इडली विकणाऱ्या बायांची भांडी वाफाळू लागतात. कोणाकडे सिलिंडर असतो, कोणाकडे लाकडाची चूल. शंभर पावलांच्या अंतरात इंधनाच्या इतिहासाचे दोन कालखंड शेजारी शेजारी उभे असतात. ज्या विषयावर मी फायलींमधून वर्षानुवर्षे आकडे वाचले, तो विषय येथे रोज डोळ्यांसमोर दिसतो.

इंधनाचा इतिहास भाषेतही साठलेला असतो. आपण ज्याला घासलेट म्हणतो तो शब्द 'गॅसलाइट'चे मराठी रूप मानला जातो, आणि रॉकेल हे 'रॉक ऑइल'चे. दोन्ही शब्द परदेशी तेलाबरोबर बंदरावर उतरले. तमिळ माणसाने मात्र नवा शब्द आपल्याच घरात घडवला : मण्णेण्णै. मण् म्हणजे माती आणि एण्णै म्हणजे तेल. घासलेट या शब्दात 'लाइट' आहे, ते योग्यच आहे, कारण हे तेल आपल्या घरात प्रथम आले ते दिव्यासाठी. चुलीची जागा घ्यायला त्याला आणखी बराच काळ लागला.

तोवर मद्रास शहराची चूल लाकडावर चालत होती, आणि ते लाकूड मोठ्या प्रमाणावर सुरूचे असे. कोकणातील वाचकांना सुरूचे बन म्हटले की समुद्रकिनारा आणि सहल आठवते. कोरोमंडल किनाऱ्यावर सुरू हे पीक आहे. तमिळमध्ये त्याला सवुक्कु म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून या किनाऱ्याच्या वाळूत त्याची पद्धतशीर लागवड झाली ती मद्रास शहराच्या जळणासाठी आणि काही काळ रेल्वेच्या इंजिनांसाठी. थोडक्या वर्षांत तोडणीला येणारे हे झाड शहराच्या वखारीत जाई आणि तेथून मोळी-मोळीने घरोघरी. शहरात जळण विकत घ्यावे लागे. खेड्यात मात्र ते गोळा केले जाई. तमिळनाडूच्या कोरडवाहू जिल्ह्यांत वेडी बाभूळ, आपल्या मराठवाड्यात तुरीच्या काड्या आणि गोवऱ्या, विदर्भात पऱ्हाटी.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा भेद सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विकतच्या जळणाला बाजारभाव असतो, त्यामुळे त्याची तुलना रॉकेलशी किंवा गॅसशी करता येते. गोळा केलेल्या जळणाला रोख किंमत नसते. त्यासाठी लागतात ते स्त्रीचे तास, आणि घराच्या जमाखर्चात त्या तासांची नोंद शून्य असते. शहरातील चूल विझणे सोपे आणि खेड्यातील अवघड, याचे मूळ कारण परंपरा किंवा अज्ञान यांपेक्षा या शून्यात अधिक आहे.

धुराविरुद्धचा पहिला संघटित प्रयत्न महाराष्ट्राच्या भूमीवर झाला आणि त्यात एका तमिळ माणसाचा मोठा वाटा होता. डिसेंबर १९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे केंद्र वर्ध्याची मगनवाडी, आणि मंत्री जे. सी. कुमारप्पा. कुमारप्पा जन्माने तंजावरचे, व्यवसायाने हिशेबतपासनीस, शिक्षण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात. मगनवाडीत घाणी, हातकागद, मधमाशापालन यांबरोबरच धुराडे असलेल्या मातीच्या चुलीवर काम झाले. तीच मगन चूल. रॉकेलऐवजी गोडेतेलावर चालणारा मगन दिवाही याच ठिकाणचा. कुमारप्पांच्या विचारात चूल आणि दिवा ही अर्थशास्त्राची साधने होती. घरातला पैसा तेल कंपन्यांकडे जाऊ नये आणि घरातला धूर बाईच्या डोळ्यांत जाऊ नये, हे दोन्ही हेतू त्यांत एकत्र होते. कुमारप्पांचे निधन ३० जानेवारी १९६० रोजी मद्रासमध्ये झाले.

स्वातंत्र्यानंतर हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत डॉ. एस. पी. राजू यांनी धूरविरहित चुलीची आणखी एक रचना केली आणि १९५३ साली तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. सामुदायिक विकास कार्यक्रमातून या चुलींचा प्रचारही झाला. परंतु पंचवार्षिक योजनांचे लक्ष पोलाद आणि धरणांकडे होते. चुलीला अर्थसंकल्पात जागा मिळायला आणखी तीस वर्षे जावी लागली.

दरम्यान शहरांनी आपला मार्ग स्वतः काढला. स्वीडनमध्ये १८९२ साली निघालेला प्रायमस स्टोव्ह मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गात पोचला. त्याची पिन, त्याचा पंप आणि त्याचा आवाज ज्यांनी अनुभवला आहे त्यांना अधिक सांगायला नको. चाळीत कोळशाची शेगडी, तिच्या जोडीला भुशाची शेगडी, अंघोळीच्या पाण्याला बंब आणि घाईच्या चहाला स्टोव्ह अशी वाटणी असे. १९५० च्या दशकाच्या मध्यास बर्मा-शेल कंपनीने मुंबईत 'बर्शेन' या नावाने द्रवरूप गॅस आणला. इंडियन ऑइलने १९६५ साली कोलकात्यात 'इंडेन'ची पहिली जोडणी दिली. १९७० च्या दशकात परदेशी तेल कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि गॅस ही पूर्णपणे सरकारी वाटपाची वस्तू झाली. त्याबरोबर आली प्रतीक्षायादी.

माझे बालपण सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी गेले. आमच्या घरी गॅस आला तो नंबर लावून कित्येक वर्षे वाट पाहिल्यावर. खासदारांच्या वाट्याला गॅसची कूपने असत आणि ती मिळवण्यासाठी ओळखी शोधल्या जात, हा काळ अनेक वाचकांना आठवत असेल. आणि गॅस आल्यावर काय झाले? चूल मोडली नाही. गॅसवर चहा, दूध आणि पाहुण्यांचा स्वयंपाक. भाकरी चुलीवर, कारण ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून निखाऱ्यापुढे उभी केली तरच फुगते, ही आईची ठाम समजूत. अंघोळीचे पाणी बंबात. सिलिंडर अचानक संपला तर वातीचा स्टोव्ह. एका घरात तीन इंधने सुखाने नांदत होती. आज ग्रामीण लाभार्थी 'गॅस मिळूनही चूल सोडत नाहीत' अशी तक्रार बैठकांतून ऐकू येते. ती करणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी एका पिढीपूर्वी हेच चालत असे.

अर्थशास्त्रात बराच काळ 'इंधनाची शिडी' ही कल्पना प्रचलित होती. उत्पन्न वाढले की कुटुंब गोवरी-लाकडावरून कोळशा-रॉकेलवर आणि तेथून गॅस-विजेवर चढते, आणि खालची पायरी सोडून देते, असे ती सांगते. २००० साली ओमार मासेरा आणि सहकाऱ्यांनी मेक्सिकोतील खेड्यांचा अभ्यास मांडून दाखवले की कुटुंबे खालची पायरी सोडत नाहीत, नवे इंधन जुन्यावर रचतात. प्रत्येक इंधनाला वेगळे काम देतात. साताऱ्यातील कोणत्याही गृहिणीने हे त्यांना विनामूल्य सांगितले असते. मात्र ते सिद्धान्तात आले नव्हते म्हणून धोरणातही आले नव्हते, आणि त्याची किंमत आपल्या योजनांनी मोजली.

सर्वांत मोठी किंमत मोजली ती राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमाने. १९७३ च्या तेलसंकटानंतर जगाचे लक्ष ऊर्जेकडे वळले. १९७५ साली एरिक एकहोम यांनी गरिबांचे खरे ऊर्जासंकट म्हणजे सरपणाची टंचाई, असा इशारा दिला. चुलीमुळे जंगले नष्ट होतात, ही धारणा त्यातून रूढ झाली. पुढील संशोधनाने ती बरीच सौम्य केली, कारण गरीब स्त्री झाड तोडत नाही, वाळलेल्या फांद्या वेचते. पण तोपर्यंत कार्यक्रम आखला गेला होता. डिसेंबर १९८३ मध्ये त्याची सुरुवात झाली आणि २००२ मध्ये केंद्राने तो गुंडाळला. या काळात सुमारे साडेतीन कोटी चुली बसवल्याची नोंद आहे.

साडेतीन कोटी हा आकडा लहान नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेच्या 'अस्त्र' गटाने तीन भांड्यांची 'अस्त्र ओले' तयार केली होती. महाराष्ट्रात डॉ. आनंद कर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण कारागिरांना हाताशी धरून चुलींच्या सुटसुटीत रचना प्रसृत केल्या. त्यांची 'आरती' ही संस्था १९९६ साली स्थापन झाली, आणि उसाच्या पाचटापासून कोळसा करण्याच्या तंत्राबद्दल २००२ साली व घरगुती बायोगॅस संयंत्राबद्दल २००६ साली तिला ॲश्डेन पुरस्कार मिळाला. म्हणजे तंत्रज्ञांची वाण नव्हती. वाण होती ती योजनेच्या रचनेत. राज्याला लक्ष्य दिले जाई, राज्य ते जिल्ह्याला देई, जिल्हा तालुक्याला. मोजली जाई ती बसवलेली चूल. वर्षभराने ती पेटते का, धुराडे काजळीने तुंबले का, तोंड मोडून मोठे केले का, हे कोणत्याही रकान्यात नव्हते. मोठी लाकडे फोडून बारीक करायला वेळ नाही म्हणून बाई चुलीचे तोंड फोडते, आणि त्याच क्षणी 'सुधारित' चूल साधी चूल होते. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात नंतर केलेल्या दीर्घ पाहणीत हेच आढळले. पहिल्या वर्षी धूर कमी झाला, पण चुलींची देखभाल व वापर घटत गेल्याने चार वर्षांच्या काळात आरोग्यावर वा इंधनाच्या वापरावर परिणाम दिसला नाही.

याच काळात एका वस्तूने कोणत्याही लक्ष्याविना स्वयंपाकघर बदलले. ती म्हणजे प्रेशर कुकर. १९५९ च्या सुमारास हॉकिन्स आणि प्रेस्टीज ही दोन नावे भारतीय बाजारात आली. प्रेस्टीज तर मद्रासच्या टी. टी. कृष्णम्माचारी उद्योगसमूहाचे. कुकरने डाळ-भाताचा वेळ आणि इंधन दोन्ही वाचवले. बाईने तो पैसे साठवून, हप्त्याने, लग्नाच्या आहेरात घेतला आणि रिंग बदलून पिढ्यानपिढ्या चालवला. ज्या वस्तूचा लाभ तिला त्याच दिवशी दिसतो ती वस्तू ती स्वतः सांभाळते. धुराडे सांभाळत नाही, कारण त्याचा लाभ फुप्फुसात असतो आणि तो वीस वर्षांनी दिसतो.

रॉकेलच्या अनुदानाची कथा अधिक दुःखद आहे. गरिबाला स्वस्त इंधन मिळावे म्हणून रेशनवर रॉकेल दिले गेले. गॅस घेतला की रेशनकार्डावर शिक्का बसे आणि रॉकेलचा कोटा कमी होई किंवा बंद होई. कागदावर हे न्याय्य होते. घराच्या दृष्टीने मात्र याचा अर्थ असा होता की स्वच्छ इंधन घेतल्याबद्दल दंड भरावा लागतो. त्याहून वाईट असे की रेशनचे रॉकेल व बाजारातील डिझेल यांच्या भावातील तफावतीवर भेसळीचा एक समांतर व्यापार उभा राहिला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना अशाच इंधन-भेसळीची तपासणी करताना जिवंत जाळण्यात आले. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. आम्हा सरकारी नोकरांसाठी अनुदानाचा भाव चुकीचा ठरणे ही त्या दिवसापासून केवळ अर्थशास्त्रातील बाब राहिलेली नाही. पुढील काळात रॉकेलचा कोटा आणि अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत गेले.

आता तमिळनाडूकडे येऊ. २००६ च्या विधानसभा निवडणुकीत द्रमुकच्या जाहीरनाम्यात रंगीत दूरदर्शन संचाबरोबर गरीब स्त्रियांना मोफत गॅस शेगडीचे वचन होते. करुणानिधींचे सरकार आल्यावर २००७ पासून जोडणीसह शेगड्या वाटल्या गेल्या. २०११ साली जयललितांनी त्यापुढे जाऊन मिक्सर, ग्राइंडर आणि पंखा दिला. उत्तरेकडील आणि आपल्याकडीलही वर्तमानपत्रांनी याची 'फुकटेगिरी' म्हणून टर उडवली. वित्तीय शिस्तीचा प्रश्न खरा आहे आणि मी तो नाकारत नाही. पण प्रशासकाने हेही पाहिले पाहिजे की बाईचे श्रम हा मतांचा विषय होऊ शकतो, हे या राज्यातील राजकारण्यांनी फार लवकर ओळखले. २०११ च्या जनगणनेत स्वयंपाकासाठी मुख्यतः गॅस वापरणारी कुटुंबे देशात २८.५ टक्के होती. महाराष्ट्रात ती सुमारे ४३ टक्के होती आणि तमिळनाडूत सुमारे ४८ टक्के. त्याच सुमारास झालेल्या राष्ट्रीय नमुना पाहणीत (२०११-१२) देशातील ग्रामीण कुटुंबांपैकी ६७ टक्के अजून लाकूडफाट्यावर होती.

एक सांस्कृतिक कारणही मला येथे राहून जाणवले. इडली, इडियाप्पम, भात आणि सांबार हे सारे वाफेचे आणि उकळीचे पदार्थ आहेत. त्यांना निखारा लागत नाही. भाकरीला लागतो, निदान लागतो असे वाटते. म्हणून गॅसवर जाताना तमिळ स्वयंपाकाला फार काही सोडावे लागले नाही. अर्थात हे कारण दुय्यम आहे, हे पुढील पुराव्यावरून दिसेल.

१ मे २०१६ रोजी बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी आठ कोटीवी जोडणी औरंगाबाद येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, देण्यात आली. तीन वर्षे चार महिन्यांत आठ कोटी. त्यातही जोडणी स्त्रीच्या नावावर. चुलीच्या इतिहासात एवढा वेग पूर्वी कधी दिसला नव्हता, आणि ज्या पिढीने नंबर लावून वर्षे काढली तिने तरी याचे मोल जाणले पाहिजे. पण नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०१९ च्या अहवालाने दुसरी बाजू मांडली. ज्या लाभार्थ्यांना वर्ष पूर्ण झाले होते, त्यांचा ३१ डिसेंबर २०१८ रोजीचा सरासरी वापर वर्षाला ३.२१ सिलिंडर होता. पाच माणसांच्या कुटुंबाचा सर्व स्वयंपाक तेवढ्यात होत नाही. म्हणजे उरलेला चुलीवर होत होता.

असे का, याचे उत्तर देण्यासाठी आपल्याकडे आज एक मोलाचा पुरावा आहे, आणि त्याचा उगम गिंडीहून पश्चिमेला काही किलोमीटरवर पोरूर येथे आहे. तेथील श्री रामचंद्र संस्थेत डॉ. कल्पना बालकृष्णन आणि त्यांचे सहकारी गेली अनेक वर्षे घरातील धुराचे मापन करीत आहेत. या विषयाचा पाया कर्क स्मिथ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत घातला. त्यांचे २०२० साली निधन झाले. त्यांच्याच परंपरेतील एक मोठा प्रयोग २०१८ पासून भारत, ग्वाटेमाला, पेरू आणि रवांडा या चार देशांत झाला. भारतातील भाग तमिळनाडूच्या विळुप्पुरम आणि नागपट्टिणम जिल्ह्यांत होता. सुमारे ३,२०० गर्भवती स्त्रियांपैकी निम्म्यांच्या घरी गॅसची शेगडी आणि दीड वर्षाचे इंधन मोफत, घरपोच देण्यात आले. बाकीच्या आपल्या नेहमीच्या चुलीवर राहिल्या.

निष्कर्ष दोन निघाले. पहिला आरोग्याचा. गॅस मिळालेल्या स्त्रियांच्या श्वासातील सूक्ष्म धूलिकणांची मध्यम पातळी घनमीटरला सुमारे २४ मायक्रोग्रॅम होती, तर बाकीच्या स्त्रियांची सुमारे ७१, पण २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार बाळांच्या जन्मवजनात लक्षणीय फरक पडला नाही. शास्त्र प्रामाणिक असते, ते आपल्याला हवे तेच सांगत नाही. घरातील धुरामुळे जगभर वर्षाला सुमारे ३२ लाख मृत्यू होतात, असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० या वर्षाबाबतचा अंदाज आहे. तो धोका एका गरोदरपणाच्या मुदतीत, एका उपायाने मिटत नाही, एवढाच याचा अर्थ. दुसरा निष्कर्ष वर्तनाचा, आणि प्रशासकासाठी तो अधिक मोलाचा. इंधन मोफत आणि दारात मिळू लागताच त्या घरांनी लाकडाची चूल जवळजवळ पूर्णपणे बाजूला ठेवली. चव, परंपरा, सवय, भीती ही सारी कारणे, जी आपण अहवालांत वर्षानुवर्षे लिहीत आलो, किंमत आणि पुरवठा या दोन अडचणी दूर होताच विरून गेली. तमिळनाडूतही, आणि मक्याच्या रोट्या भाजणाऱ्या ग्वाटेमालातही. भाकरीचे कारण दुय्यम आहे असे मी वर म्हटले ते यामुळे.

आमच्या क्वार्टरमध्ये कामाला येणाऱ्या बाई विळुप्पुरमकडच्या आहेत. माझ्या मोडक्या तमिळमध्ये मी त्यांना एकदा विचारले की गावाकडे सासूबाईंच्या घरी गॅस आहे का. आहे, सरकारी योजनेतला. कॉफी, रस्सम, घाईचे काम त्यावर होते. भात आणि अंघोळीचे पाणी लाकडावर. पाण्यासाठी गॅस का नाही, या प्रश्नावर त्या हसल्या आणि जे म्हणाल्या त्याचे मराठी असे : "सार, पाणी तापवायला गॅस म्हणजे पैसे पाण्यात." मग त्यांनी हिशेब सांगितला. सिलिंडर संपतो त्या दिवशी हातात एकरकमी पैसे असावे लागतात. ते नसले की लाकूड, असले की गॅस. पगाराचा दिवस आणि सिलिंडर संपण्याचा दिवस जुळत नाहीत.

अर्थशास्त्राच्या एखाद्या जाड ग्रंथाइतके या हिशेबात सामावले आहे. वखारीतून मोळी विकत मिळे. रॉकेल लिटरने, प्रसंगी अर्ध्या लिटरने मिळे. रोजंदारीवर जगणारे घर सर्व काही सुटे घेते, मीठही आणि तेलही. सिलिंडर मात्र १४.२ किलोंचाच. मार्च २०२३ मध्ये दिल्लीत त्याचा भाव १,१०३ रुपयांवर गेला होता. लाभार्थ्यांना अनुदान होते, पण 'पहल' योजनेपासून ते खात्यात नंतर जमा होते. आधी पूर्ण रक्कम मोजावी लागते. गळती थांबवण्याच्या दृष्टीने ही पद्धत उत्तम आहे. रोकड नसलेल्या घराच्या दृष्टीने ती अडचणीची आहे. एकच सुधारणा तिजोरीकडून पाहिली तर गुण आणि चुलीकडून पाहिली तर दोष ठरू शकते. प्रशासकाने दोन्हीकडून पाहिले पाहिजे.

या सर्व इतिहासातून मला तीन धडे दिसतात.

पहिला, आपण नेहमी उपकरण दिले, आणि घराला हवा होता तो पुरवठा. मगन चूल, सुधारित चूल, गॅसची जोडणी या एकदाच द्यायच्या वस्तू आहेत. त्यांचे उद्घाटन करता येते, संख्या जाहीर करता येते. पुनर्भरणाचे उद्घाटन कोणी करत नाही. म्हणून कामगिरीचा निकष जोडण्यांऐवजी वर्षाकाठी प्रतिकुटुंब वापरलेले सिलिंडर हा असावा, आणि तो तालुकावार प्रसिद्ध व्हावा.

दुसरा, सुट्या खरेदीला वाट हवी. पाच किलोचा लहान सिलिंडर आज उपलब्ध आहे, उज्ज्वलाच्या लाभार्थ्यांनाही तो घेता येतो. पण वितरकाला त्यात कष्ट जास्त आणि प्राप्ती कमी. तो रेशन दुकानातून, बचतगटातून सहज मिळाला तर मोळीची जागा घेऊ शकेल.

तिसरा, पाहणीतील प्रश्न बदलावा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे देशात ५८.६ टक्के होती. महाराष्ट्रात ती ८० टक्क्यांच्या आसपास आणि तमिळनाडूत ८३ टक्क्यांच्या आसपास. हे यश मोठे आहे. परंतु अशा पाहण्यांत विचारले जाते ते मुख्य इंधन. घराचे उत्तर 'गॅस' येते आणि मागच्या पडवीतील चूल, न्हाणीघरातील बंब आकड्याबाहेर राहतात. बाईच्या छातीत धूर जातो तो मात्र दोन्हीकडचा.

परदेशातील मराठी वाचकांना यातील बराच भाग दूरचा वाटेल. तुमच्याकडे तर गॅसच अस्वच्छ ठरू लागला आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली शहराने २०१९ साली नव्या इमारतींत गॅसवाहिनी घेण्यावर बंदी घातली होती, पुढे न्यायालयात ती टिकली नाही. स्वच्छ हा शब्द सापेक्ष आहे, आणि पुढचा टप्पा बहुधा विजेचा असेल. तमिळनाडूत २०१६ पासून घरगुती ग्राहकांना दोन महिन्यांना शंभर युनिट वीज मोफत आहे. इंडक्शनची शेगडी येथील लहान घरांतही दिसू लागली आहे. परंतु विजेच्या शेगडीचीही योजना उद्या निघाली, आणि किती शेगड्या वाटल्या एवढेच पुन्हा मोजले गेले, तर या नव्वद वर्षांत आपण काही शिकलो असे म्हणता येणार नाही. गावात तपासणीला जाणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांना म्हणून माझी एक सूचना असते. ओट्यावरची शेगडी पाहून परत फिरू नका. घराच्या मागच्या बाजूला जा, आणि तिथली राख गरम आहे का ते पाहा.